पार्किंग स्वयंसेवकाची शिकार

प्रल्हाद देवस्थळी हरणाच्या शिकारीला गेला तो मेथीमुळे. हे सांगितलं की लोक हसतात, आणि हसल्यावर देवस्थळीला वाईट वाटतं, कारण त्याच्या मते यात विनोदी असं काही नव्हतं. अमेरिकेत, हर्नडनमधल्या घरामागे त्याने स्वतःच्या हातांनी दोन वाफे केले होते. एकात मेथी होती, दुसऱ्यात वेलावर तोंडली आणि कारली होती. एका सकाळी उठून बघतो तर मेथी जमिनीलगत कापलेली, तोंडलीच्या वेलाचे फक्त दोरे राहिलेले, आणि हिरवळीवर एक हरीण आपल्या कुटुंबासह उभं राहून त्याच्याकडे असं बघत होतं, जणू देवस्थळीच चुकून त्याच्या अंगणात आला असावा. कारल्याला मात्र कोणी तोंड लावलं नव्हतं. हरणांना चव असते एवढं त्यावरून सिद्ध झालं.

आता हर्नडनमधल्या मराठी माणसाला अडचण आली की ती त्याची एकट्याची राहत नाही. तिथल्या मराठी मंडळाचा कोषाध्यक्ष राजीव मूळचा नागपूरचा. त्याने फोनवरच निकाल दिला, "अरे यार, एवढं काय टेन्शन घेतो? साबणाच्या वड्या टांग चारी बाजूंनी. हरीण फिरकणार नाही." देवस्थळीने वड्या टांगल्या. हरणांनी साबणाच्या घमघमाटात पुन्हा फुटलेली मेथी खाल्ली. मग मंडळातल्या सरलाकाकूंनी सांगितलं की माणसाचे केस पसरावेत. देवस्थळीच्या डोक्यावर या कामाला पुरेल एवढा माल गेल्या दहा वर्षांत नव्हता, म्हणून तो प्रश्न तिथेच मिटला. शेवटी कोणीतरी लांडग्याचं मूत्र सुचवलं. ते बाटलीत मिळतं आणि घरपोच येतं. देवस्थळीने ते वाफ्याभोवती शिंपडलं, आणि त्यानंतरचे दोन आठवडे त्याची बायको प्रतिमा मागचं दार उघडायला तयार नव्हती. लांडग्याला घाबरून लांब राहिली ती एकटी तीच.

उरलं कुंपण. कुंपणासाठी वस्तीतल्या घरमालक संघटनेची परवानगी लागते. देवस्थळीने आठ फुटी कुंपणाचा अर्ज केला. उत्तर आलं, चार फुटांहून उंच कुंपण वस्तीच्या सौंदर्याला बाधक आहे. त्याने कळवलं की चार फुटांवरून हरीण चहाचा कप न सांडता उडी मारेल. त्यावर संघटनेने हरणांना न आवडणाऱ्या शोभेच्या झुडपांचं एक रंगीत पत्रक पाठवलं आणि जाता जाता एका निनावी शेजाऱ्याने केलेल्या दुर्गंधीच्या तक्रारीकडे त्याचं लक्ष वेधलं.

हा सगळा पराक्रम शेजारचा वॉल्ट चार फुटी कुंपणाच्या पलीकडून पाहत होता. वॉल्ट शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करून निवृत्त झालेला, पोट सुटलेला, भला माणूस. (त्याचं बोलणं इथे मराठीत दिलं आहे. मधल्या शिव्या गाळल्यामुळे ते जरा तुटक वाटेल.) साबण टांगले तेव्हा तो म्हणाला होता, "छान कल्पना आहे, प्राल." लांडगा शिंपडला तेव्हाही तो म्हणाला, "छान कल्पना आहे." संघटनेचं पत्रक दाखवल्यावर मात्र तो म्हणाला, "नोव्हेंबरात आम्ही डोंगरात हरणं मारायला जातो. मी, माझा मेव्हणा ड्वेन आणि म्हातारा अर्ल. चल आमच्याबरोबर."

देवस्थळी शाकाहारी होता. अंडं तो केकमध्ये असलं तर खायचा, तेही विचारलं नाही तर. त्याने आजवर मारलेला सगळ्यात मोठा प्राणी म्हणजे झुरळ, आणि तेही प्रतिमाने आधी अर्धमेलं केलेलं. तरी तो "येतो" म्हणाला. का म्हणाला, याची त्याने पुढे मेथीपासून ते अमेरिकन संस्कृतीच्या अभ्यासापर्यंत अनेक कारणं दिली. खरं कारण एवढंच, की वीसेक वर्षांत कोणी अमेरिकन माणूस त्याला "चल" म्हणाला नव्हता. "यू शुड कम समटाइम" पुष्कळांनी म्हटलं होतं. पण त्याला तारीख नसते.

शिकारीच्या परवान्याआधी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम आणि परीक्षा असते. देवस्थळी इंजिनियरिंगला बसल्यासारखा त्या परीक्षेला बसला. नोट्स काढल्या, रंगीत पेनांनी रेघा मारल्या, रात्री प्रतिमाकडून प्रश्न विचारून घेतले. पैकीच्या पैकी गुण पडले. हे त्याने वॉल्टला कुंपणावरून सांगितलं तेव्हा वॉल्ट म्हणाला, "ग्रेट जॉब, प्राल." देवस्थळीला का कोण जाणे, जरा चुकल्यासारखं झालं. पुण्यात त्याच्या जुन्या कंपनीच्या कँटीनमध्ये कोणी असं पूर्ण गुणांचं सांगितलं असतं, तर निवृत्त होईपर्यंत त्याला टॉपर म्हणून चिडवून जगणं नकोसं केलं असतं.

शिकारीच्या दिवसांत अंगावर झगझगीत नारिंगी काहीतरी घालावंच लागतं, नाहीतर दुसरे शिकारी तुम्हाला हरीण समजतात. वॉल्ट म्हणाला, दुकानात जाकीट मिळेल. देवस्थळीने विचार केला, घरात असताना कशाला? दर गणेशोत्सवात मंडळ शाळेचा हॉल घेतं, आणि शाळेच्या आवारात गाड्या लावून घेण्याचं काम वर्षानुवर्षं देवस्थळीकडे असतं. त्यात तो इतका कडक, की एकदा अध्यक्षांची गाडीसुद्धा त्याने दुसऱ्या टोकाला पाठवली होती. त्या कामाचं बिनबाह्यांचं जाकीट अगदी हवं तसं नारिंगी होतं. पाठीवर चंदेरी पट्टे होते आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: पार्किंग स्वयंसेवक.

निघताना प्रतिमाने चौकड्यांचा नवा जाड शर्ट दिला आणि मेथीच्या पराठ्यांचा तीन कप्प्यांचा डबा. मेथी अर्थात दुकानातली. "शर्ट महागाचा आहे," ती म्हणाली, "त्याला रक्ताचा एक डाग लागला तर घरात घेणार नाही." कॉलेजमधून मुलीचा, अनिकाचा, फोन आला. "बाबा, आर यू ओके? इज धिस अ मिडलाइफ थिंग?" देवस्थळीने गंभीरपणे सांगितलं की हा पिकांच्या संरक्षणाचा प्रश्न आहे.

अर्लची झोपडी डोंगराच्या कुशीत होती. एकच खोली, मधे शेगडी, भोवती खुर्च्या, आणि समोरच्या भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेल्या कापडाच्या चिंध्या. निळ्या, लाल, चौकड्यांच्या, काही उंदरांनी कुरतडलेल्या. वॉल्टने खुलासा केला. ज्याचा नेम चुकला आणि हरीण निसटलं, त्याच्या शर्टाचा मागचा, पँटमध्ये खोचायचा भाग कापायचा आणि नाव घालून इथे ठोकायचा. हा नियम अर्लच्या वडिलांनी घातला, आणि पहिली चिंधी त्यांचीच होती.

रात्रीचं जेवण झालं आणि चिंध्यांचं वाचन सुरू झालं. ते दरवर्षी होतं. प्रत्येक चिंधीची गोष्ट सगळ्यांना पाठ, तरी ती पुन्हा सांगायची, आणि ती ज्याची असेल त्याला सोडून बाकीच्यांनी सांगायची. ड्वेन हा खांद्याने दाराएवढा रुंद गवंडी. त्याने एकदा एका हरणावर तीन गोळ्या झाडल्या आणि तिन्ही चुकल्या.

"आणि ते हरीण पळालं नाही," वॉल्ट म्हणाला.

"पळेल कसं?" अर्ल म्हणाला. "प्लॅस्टिकचं होतं. मीच आणून ठेवलं होतं."

"वारा होता," ड्वेन म्हणाला.

"दरवर्षी वाढतो तो वारा. पुढच्या वर्षी वादळ म्हणशील."

मग वॉल्टची पाळी. वॉल्टने पँट खाली करून झुडपाआड बसलेला असताना एका हाताने गोळी झाडली होती. हरणाला ती लागली नाही, पण वॉल्टला त्यानंतर बराच काळ त्या कामासाठी शांतता लागायची, असं ड्वेनचं म्हणणं होतं. अर्लच्या तर पाच चिंध्या होत्या. पाचवीच्या वेळी त्याचा चष्मा घरी राहिला होता, की हरणाने पळवला, यावर दोन पक्ष होते. पाऊण तास ते तिघं एकमेकांची सालटी काढत होते आणि खुर्च्या मोडतील इतके हसत होते.

मधेच वॉल्ट वळून म्हणाला, "प्राल, थंडी नाही ना वाजत? शेगडीजवळ सरक." थोड्या वेळाने ड्वेन म्हणाला, "जेवण ठीक होतं ना? तुमच्यासाठी बीन्स वेगळे ठेवले होते." अर्लने तर उठून स्वतः त्याच्या मागे उशी दिली.

देवस्थळी "थँक्यू, थँक्यू" म्हणत राहिला आणि आतून खचत गेला. पुण्याच्या कँटीनमध्ये असं अदबीने फक्त ऑडिटरशी बोलत. आपल्या माणसाला उशी कोणी देत नाही, त्याची खुर्ची ओढतात. त्याच्या डोक्यावर केस नव्हते, जाकिटावर न वाचता येणारी लिपी होती, सोबत स्टीलचा तीन मजली डबा होता. थट्टेला एवढं साहित्य पुरवूनही कोणी त्याला हात लावत नव्हतं. नुसतं पाठीवर काय लिहिलंय ते ड्वेनने विचारलं. देवस्थळीने खरं ते सांगितलं. तिघांनी माना डोलावल्या आणि म्हणाले, "दॅट्स रिअली नाइस." त्या रात्री झोपताना देवस्थळीला एवढंच हवं होतं, की जाण्यापूर्वी एकदा तरी यांनी आपली फिरकी घ्यावी.

सकाळी अर्लने पिकअप ट्रकमधून एकेकाला आपापल्या मचाणावर सोडलं. देवस्थळीचं मचाण झाडाला बांधलेलं, समोर उतार, उताराखाली मातीचा गाडीरस्ता. त्याने नियमाप्रमाणे दोर कमरेला बांधला, बंदूक मांडीवर घेतली आणि गोळ्यांसाठी खिशात हात घातला. खिशात फक्त खोकल्यासाठीच्या लवंगा होत्या.

इथे पैकीच्या पैकी गुणांचा थोडा संबंध येतो. गोळ्या बंदुकीपासून वेगळ्या आणि कोरड्या जागी ठेवाव्यात, असं अभ्यासक्रमात होतं. आणि मराठी माणसाला माहीत असलेली सगळ्यात कोरडी जागा म्हणजे घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा. गोळ्या तळच्या कप्प्यात, पराठे वरच्या दोन कप्प्यांत. आणि डबा उतरताना अर्लच्या ट्रकमध्येच राहिलेला, सीटखाली.

फोनला रेंज नव्हती. ओरडावं तर हरणं पळणार, आणि मुख्य म्हणजे काय ओरडणार? देवस्थळीने परिस्थितीचा नीट विचार केला आणि रिकामी बंदूक घेऊन तसाच बसून राहिला. कोणाला कळण्याचं कारण नव्हतं. तासाभराने त्याला गोळ्यांपेक्षा पराठ्यांची जास्त आठवण येऊ लागली.

ऊन पडल्यावर हरीण आलं. प्रचंड नर, डोक्यावर वाळक्या झाडाएवढी शिंगं. रात्री याचा फोटो त्याने पाहिला होता. तीन वर्षं तो सगळ्यांना हुलकावणी देत होता आणि त्याचं नाव त्यांनी सिनेटर ठेवलं होतं. त्याच्यामागे एक मादी आणि दोन पाडसं. चौघं मचाणाखालून, देवस्थळीच्या बुटांखालून, सावकाश गेली. मेथीखाऊ जमातीचा एवढा जवळून सूड घेण्याची संधी पुन्हा आली नसती. पण देवस्थळी श्वास रोखून बघत राहिला. त्याला ते हरीण फार आवडलं. असं काही वाटेल याची त्याला कल्पना नव्हती, आणि ते सांगायला जवळपास कोणी नव्हतं.

हरणं रस्त्यावर पोचतात न पोचतात तोच वळणावरून अर्लची पिकअप आली. ती वेगात होती. चौघं रस्त्याच्या मधोमध आली होती.

पुढचं देवस्थळीने केलं असं म्हणणं बरोबर नाही. ते वर्षानुवर्षांच्या गणेशोत्सवाने केलं. तो मचाणावर ताडकन उभा राहिला, उजवा हात ट्रकच्या दिशेने सरळ पुढे, पंजा उघडा. अमेरिकन माणूस देवाला थांबेल न थांबेल, नारिंगी जाकीट घालून हात दाखवणाऱ्याला थांबतोच. अर्लने करकचून ब्रेक मारला. आवाजाने सिनेटरही थबकला आणि त्याने वर पाहिलं. देवस्थळीने डाव्या हाताने त्याला खूण केली. "चला, चला, पुढे घ्या," तो म्हणाला, मराठीत. सिनेटर पुढे गेला. मादी गेली. रेंगाळणाऱ्या धाकट्या पाडसाला देवस्थळीने जरा घाई करायला सांगितलं. चौघं पलीकडच्या झाडीत दिसेनाशी झाली, तेव्हा त्याने अर्लला "या" अशी खूण केली.

अर्ल ट्रक घेऊन मचाणाखाली आला. काच खाली केली. बराच वेळ वर बघत राहिला. मग सीटखालून डबा काढून खिडकीतून उंच धरला आणि म्हणाला, "तुझं जेवण राहिलं होतं."

संध्याकाळी शेगडीभोवती न्यायालय भरलं. अर्लने साक्ष दिली. त्याने हातवारे करून दाखवले तेव्हा ड्वेन खुर्चीवरून खाली आला आणि उठेचना. वॉल्ट डोळे पुसत होता. "तीन वर्षं!" तो म्हणाला. "तीन वर्षं आम्ही त्याच्यामागे आहोत, आणि याने त्याला रस्ता ओलांडून दिला." खणातून कात्री निघाली. "ऊठ, पार्किंग," ड्वेन म्हणाला, "आणि पाठ कर."

देवस्थळीचा चेहरा लाल झाला. त्याच्या बाजूने एकच गोष्ट बोलायला हवी, की हा माणूस पुण्याचा होता आणि नियम चुकीचा लावलेला त्याला पाहवत नसे. तो उभा राहिला आणि म्हणाला, "एक मिनिट. नियम काय आहे? ज्याचा नेम चुकला त्याचा शर्ट. मी गोळी झाडलेली नाही. बंदूक उचललेलीसुद्धा नाही. नेम धरलाच नाही तर चुकेल कसा?"

अर्लने हनुवटी खाजवली. "तसं बघितलं तर बरोबर आहे," तो म्हणाला. "बाबांनी गोळीचाच नियम केला होता." त्याने कात्री खणात ठेवली. ड्वेन उठून खुर्चीवर बसला. वॉल्टने हसू आवरलं आणि अगदी प्रेमाने विचारलं, "कॉफी घेणार का, प्राल?"

देवस्थळी खटला जिंकला होता. शर्ट शाबूत होता. समोर कॉफी आली, त्यात दूध किती हेही विचारलं गेलं. अर्लने पाठीमागे उशी आणून दिली. ती उशी लागली आणि देवस्थळीला आपण काय करून बसलो ते कळलं. भिंतीवर खिळे होते, चिंध्या होत्या, ड्वेनच्या प्लॅस्टिकच्या हरणाशेजारी चांगली हातभर जागा मोकळी होती, आणि ती त्याने मुद्देसूद बोलून घालवली होती.

त्याने कॉफी खाली ठेवली. "मला अपील करायचंय," तो म्हणाला.

"सुटलेल्याला अपील नसतं," ड्वेन म्हणाला.

"नवा पुरावा आहे." देवस्थळीने डबा उचलून मांडीवर घेतला, वरचे दोन कप्पे बाजूला केले आणि तळचा कप्पा सगळ्यांसमोर धरला. तुपाचा हात लागलेल्या, मेथीचा वास येणाऱ्या गोळ्या त्यात ओळीने बसल्या होत्या. "सकाळी हे इथे होतं," तो म्हणाला, "डबा ट्रकमध्ये होता, आणि मी मचाणावर होतो. चार तास. गोळ्या कोरड्या ठेवाव्यात असं अभ्यासक्रमात आहे. मला पूर्ण गुण होते."

तिघं त्या डब्यावर वाकले. वॉल्टने एक गोळी उचलून हुंगली.

"म्हणजे," अर्ल सावकाश म्हणाला, "ड्वेन चाळीस फुटांवरून चुकला. वॉल्ट साठ फुटांवरून चुकला. आणि हा गृहस्थ हर्नडनमधूनच चुकून आला."

त्यानंतर तिघं खुर्च्यांवरून घसरेपर्यंत हसले. कात्री पुन्हा निघाली. देवस्थळी पाठ करून उभा राहिला, आणि कापडाचा कर्र आवाज होत असताना टॉपर, पार्किंग, सिनेटरचा वॉचमन, असं तिघं एकाच वेळी बोलत होते. "हलू नकोस, नाहीतर तुझी पँटही भिंतीवर जाईल," ड्वेन म्हणाला. खुर्चीवरची उशी वॉल्टने काढून स्वतःच्या मागे घेतली. देवस्थळीने ते पाहिलं आणि त्याला इतकं बरं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं. शेगडीच्या धुराची सोय होती म्हणून ते निभावलं.

घरी आल्यावर प्रतिमाने दारातच शर्ट न्याहाळला. बाह्या, कॉलर, छाती.

"एकही डाग नाही," देवस्थळी अभिमानाने म्हणाला आणि आत जायला वळला. पुढची पंधरा मिनिटं इथे देण्यासारखी नाहीत.

वसंतात मेथी पुन्हा उगवली. एका सकाळी देवस्थळी दाढी करत असताना कुंपणापलीकडून वॉल्टची आरोळी ऐकू आली. "ए पार्किंग! तुझ्या गाड्या आल्यात बघ! जागा दे त्यांना!"

प्रतिमा चहा गाळत होती. तिचा हात थांबला. "हे काय बोलणं झालं?" ती म्हणाली. "चारचौघांत असं काय हाक मारतो तो तुला? इतकी वर्षं किती नीट बोलायचा. तू सांग त्याला एकदा स्पष्ट."

"सांगतो," देवस्थळी म्हणाला. हरणं मेथीवर पोचली होती. त्याने तोंडावरचा साबण तसाच ठेवून खिडकी वर सरकवली, पूर्ण, आणि वॉल्टच्या पुढच्या आरोळीची वाट बघत उभा राहिला.